सगळ्यांकडे लिंक होती

रावजी विलणकरांना रत्नागिरीत लोक दोन कारणांनी ओळखत. एक म्हणजे ते पालिकेत पाणी सोडायचे. पहाटे सायकलला लांब चावी बांधून निघायचे आणि मांडवीपासून वरच्या आळ्यांपर्यंत एकेक व्हॉल्व्ह फिरवत जायचे. ज्या आळीला पाणी कमी आलं त्या आळीतल्या बायका सकाळी त्यांचा उद्धार करायच्या. दुसरं कारण म्हणजे कबड्डी. सकाळी शिव्या घालणाऱ्या त्याच बायका दुपारी मासे विकून घरी आल्या की रावजींच्या चॅनलवर आपली पोरं बघत बसायच्या.

खेळाडू म्हणून रावजी सुमारच होते. शाळेत असताना पहिल्याच मोठ्या सामन्यात त्यांचा खांदा निखळला आणि तिथेच त्यांची कारकीर्द संपली. पण मैदान काही सुटलं नाही. तेविसाव्या वर्षी त्यांनी गावातल्या दैनिकाला पहिली बातमी नेऊन दिली. तिच्यात दोन्ही संघांच्या सगळ्या गड्यांची नावं होती, राखीव धरून. संपादकांनी चष्मा वर करून विचारलं, "रावजी, ही बातमी आहे की मतदारयादी?" रावजी म्हणाले, "पोरगा वर्षभर मातीत लोळतो साहेब, त्याचं नाव एकदा तरी छापून यायला हवं." संपादकांनी निम्मी नावं कापली. रावजींनी पुढच्या वेळी पुन्हा सगळी लिहून दिली. ही रस्सीखेच सत्तावीस वर्षं चालली आणि शेवटी संपादकच कंटाळून निवृत्त झाले.

चॅनल काढून दिलं ते मुलीने, ऋतिकाने. ती तेव्हा कॉलेजात होती. "बाबा, पेपरात जागा नाही म्हणून रडता ना, इथे हवी तेवढी जागा आहे," असं म्हणून तिने आपल्याच ईमेलवर खातं उघडलं आणि वडिलांना तीन बटणं शिकवली. चित्रण कसं करायचं, वर कसं चढवायचं आणि फोन भरला की आतलं कसं पुसायचं. रावजी ती तीन बटणं अकरा वर्षं इमानाने दाबत राहिले. वाडीवाडीच्या स्पर्धा, जत्रेतले सामने, भाट्याच्या वाळूत खेळलेले एका दिवसाचे चषक, सगळं चॅनलवर चढलं. साडेचौदाशे व्हिडिओ झाले. त्यातले तेराशे तरी असे होते की खेळणाऱ्यांच्या घरच्यांशिवाय ते कुणी बघितले नसतील, पण रावजींना तेवढे बघणारे पुष्कळ होते.

त्यांची एक खोड होती. चित्रण करताना ते मागून बोलायचे आणि चढाईला निघालेल्या गड्याचं नाव आईच्या नावासकट घ्यायचे. सावित्रीचा नितेश, गोदाचा सर्वेश, असं. बाप मैदानावर यायचे, सल्ले द्यायचे, पंचांशी भांडायचे. आया मात्र कधी येत नसत, कारण सामने संध्याकाळी आणि होड्याही संध्याकाळीच जेटीला लागायच्या. मासळी उतरून घ्यायची सोडून कोण येणार? तर त्या घरी बसून बघतील तेव्हा त्यांना आपलंही नाव ऐकू यावं, एवढाच रावजींचा हिशेब. मुंबईहून खेळायला आलेली काही पोरं आधी हसली. मग तीच पोरं सामन्याआधी हळूच येऊन आईचं नाव सांगून जाऊ लागली.

मांडवीच्या खालच्या वाडीत बकुळा राहायची. नवरा लवकर गेला होता. एकुलता एक मुलगा मितेश दिवसा होडीवर खलाशी आणि संध्याकाळी संघाचा डावा चढाईपटू. उंचीने बेताचा, पण कमरेतून असा वाकायचा की पकडणाऱ्याच्या हातात नुसती बनियनच यायची. बकुळाने त्याचा खेळ प्रत्यक्ष कधीच पाहिला नाही. पाहिला तो चॅनलवरच. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये मितेशने एका अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईत तीन गडी मारले आणि सामना फिरवला. त्या व्हिडिओच्या शेवटी तो धापा टाकत रावजींच्या फोनसमोर येतो आणि आईशी चार शब्द बोलतो. बारा सेकंदांचा तुकडा.

त्याच वर्षी मासेमारी सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात वादळात त्यांची होडी उलटली. दोघे पोहून निघाले, एकाला दुसऱ्या होडीने उचललं. मितेश मिळाला नाही. प्रेतही मिळालं नाही. त्याचा फोन त्याच्या खिशातच होता, म्हणजे त्यातले फोटो, आवाज, जे काय होतं ते सगळं समुद्रात गेलं. घरात भिंतीवर लावलेला फोटो होता तो आधार कार्डावरून मोठा केलेला, त्यात तो कुणालाच मितेश वाटत नव्हता. बकुळाकडे उरलं ते रावजींच्या चॅनलवरचं. रोज दुपारी बाजार उठला की ती पायरीवर बसून तो व्हिडिओ लावायची आणि शेवटचा तुकडा पुन्हा पुन्हा ऐकायची. रावजी त्या बाजूने गेले तर म्हणायची, "रावजीदादा, तुमच्यामुलं माजा पोर घरात बोलतो हो." रावजी मान हलवून पुढे जायचे आणि कोपऱ्यावर गेल्यावर डोळे पुसायचे.

यंदा फेब्रुवारीत रत्नागिरीत लीग आली. सागरी कबड्डी लीग. सहा संघ, प्रत्येकाला एकेक मालक, मातीऐवजी मॅट, डोळे दिपवणारे दिवे आणि लाऊडस्पीकरवर छाती हादरवणारं संगीत. सामने दाखवण्याचे हक्क मुंबईच्या एका ॲपवाल्या कंपनीने घेतले होते. मांडवीची दोन पोरं रत्नागिरीच्या संघात निवडली गेली होती. रावजींना आभाळ ठेंगणं झालं. तीस वर्षं ज्या खेळाच्या मागे आपण सायकल दामटली त्याला शेवटी दिवस आले, असं ते भेटेल त्याला सांगत सुटले.

वार्ताहरांसाठी ओळखपत्रं होती. ती द्यायला ऋत्विक नावाचा सव्वीस-सत्तावीसचा मुलगा मुंबईहून आला होता. मुलगा वागायला चांगला. त्याने रावजींना खुर्ची दिली, चहा मागवला आणि अकरा पानी इंग्रजी कागद समोर ठेवला. "काका, नीट वाचून सही करा," असंही तो म्हणाला. रावजींनी काय वाचलं? आपलं नाव. विलणकर इंग्रजीत बरोबर लिहिलंय का, एवढं पाहिलं आणि सही ठोकली. आयुष्यभर त्यांनी छापील कागदात फक्त नावंच तपासली होती. त्या अकरा पानांत लिहिलं होतं की मैदानाच्या आवारात सामन्याआधी एक तास ते सामन्यानंतर एक तास कुणीही चित्रण करायचं नाही, चालू सामन्याचे गुण बाहेर कळवायचे नाहीत, फोटो पाच आणि बातमी सामना संपल्यावर. ऋत्विकने तोंडीही सांगितलं, "काका, व्हिडिओ नाही हं. हक्क विकलेत." रावजी म्हणाले, "खेळाचा नाही काढणार, शब्द देतो." आणि खेळाचा त्यांनी खरोखरच काढला नाही. पुढे जे काही झालं त्यात हे लक्षात ठेवलं पाहिजे, कारण नंतर ते कुणीच लक्षात घेतलं नाही.

पहिल्या दिवशी उद्घाटनाला गाऱ्हाणं होतं. लीगच्या कुणा हुशार माणसाला वाटलं की कोकणात आलोय तर थोडं कोकणही दाखवू. शिवा गुरवांना मॅटच्या कडेला उभं केलं, हातात नारळ आणि कॉलरला माइक. गुरवांना माइकचं सोयरसुतक नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि खड्या आवाजात सुरुवात केली, "हे देवा म्हाराजा, ही सगली तुजी लेकरा आज तुज्या पायाशी उभी हायत. कुनाचा हात, कुनाचा पाय मोडू देव नुको. हरलेल्याला बल दे, जिकलेल्याला अक्कल दे..." आणि सगळं स्टेडियम ओरडलं, "होय म्हाराजा!" रावजींचा हात आपोआप खिशात गेला. गाऱ्हाणं म्हणजे काही खेळ नव्हे. ते देवाचं. त्यावर कंपनीचा काय हक्क? त्यांनी साडेतीन मिनिटांचं गाऱ्हाणं टिपलं आणि रात्रीच्या आत चॅनलवर चढवलं. मागे मॅटवर पोरं अंग मोकळं करत होती, तेवढी आली त्यात.

चौथ्या दिवशी आक्रीत घडलं. मासळी बाजारातल्या बारा-पंधरा बायका आपली सुट्टी ठरवून सामना बघायला आल्या. कोऱ्या साड्या, केसांत आबोलीचे वळेसर. आयुष्यात पहिल्यांदा त्या आपल्या पोरांना समोर खेळताना बघत होत्या. बकुळाही होती त्यांत, सगळ्यांत मागे, पदर तोंडाशी धरून. आता असं दृश्य समोर असताना रावजींनी हात बांधून बसायचं होतं म्हणे. त्यांनी मॅटकडे पाठ केली आणि बायकांचं चित्रण केलं. त्या ओरडत होत्या, एकमेकींच्या अंगावर कोसळत होत्या. त्यांच्या डोक्यावर मोठा पडदा होता आणि त्यावर सामना चालू होता, हे रावजींच्या ध्यानातच आलं नाही. त्यांचं सगळं लक्ष तोंडांकडे होतं. तोही व्हिडिओ त्याच रात्री चॅनलवर चढला.

दुसऱ्या दिवशी ऋत्विकचा फोन. या वेळी त्याचा आवाज जरा बदललेला होता. "काका, दोन व्हिडिओंवर मुंबईहून तक्रार गेलीय. मी नाही केली. तिथे एक खातं आहे, ते दिवसभर हेच शोधत असतं."

"अरे पण त्यात खेळ कुठंय? एक गाऱ्हाणं हाय आणि एक बायकांचा हाय."

"आवारात जे काही होतं ते सगळं प्रक्षेपणाचं असतं काका. गाऱ्हाणंसुद्धा. ते उद्घाटनाच्या कार्यक्रमात आहे."

"देवाला सांगितलंस का हे?" रावजी म्हणाले. पण ऋत्विक काही हसला नाही. तेव्हा रावजींना कळलं की प्रकरण चेष्टेचं नाही. त्यांनी मुकाट्याने दोन्ही व्हिडिओ पुसून टाकले. आपण चूक पुसली म्हणजे चुकीची नोंदही पुसली जाते, असं त्यांना वाटलं. पालिकेत तसंच होतं. चुकीचा व्हॉल्व्ह उघडला तर बंद करायचा, साहेबाला सांगायचं, साहेब दोन शब्द सुनावतो आणि विषय संपतो.

पण मन खात होतं. शब्द दिला होता आणि मुलगा बिचारा आपल्यामुळे वरच्यांची बोलणी खातोय, असं त्यांना वाटत राहिलं. दैनिकात चूक छापली तर दुसऱ्या दिवशी त्याच पानावर दिलगिरी यायची, ही रीत रावजींनी तीस वर्षं पाळली होती. जिथे चुकलो तिथेच उभं राहून माफी मागायची. म्हणून सहाव्या दिवशी सामना संपल्या संपल्या ते स्टेडियमच्या फाटकाच्या आत उभे राहिले, फोन हाताच्या अंतरावर धरला आणि बोलले, "नमस्कार, मी रावजी विलणकर. माझ्या हातून लीगच्या नियमांचा भंग झाला. मी मनापासून माफी मागतो. यापुढे असं होणार नाही." इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण जिभेला तीस वर्षांचं वळण. "आजचा सामना रत्नागिरीने चौतीस विरुद्ध एकतीस असा जिंकला," हेही ते बोलून गेले. आणि मागे लाऊडस्पीकरवर ॲपवाल्यांचा समालोचक आणि त्यांचं ते संगीत चालूच होतं. सामना संपून दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

माफीचा व्हिडिओ हा तिसरा गुन्हा ठरला. तीन तक्रारी झाल्या की सात दिवसांची मुदत देऊन चॅनल बंद करतात, असा नियम होता. तशी सूचना आली. फोनवर आली ती इंग्रजीत होती आणि तिच्याखाली बटण होतं. रावजी अशा सूचनांचं बटण दाबून त्या घालवून टाकत, जशा ते पावसाळ्यात कंपन्यांच्या छत्र्यांच्या जाहिराती घालवत. दुसरी आली ती ईमेलवर, ऋतिकाच्या कॉलेजातल्या जुन्या पत्त्यावर. तो पत्ता तिने चार वर्षांत उघडला नव्हता. ती डोंबिवलीला, नोकरी, लहान मूल, तिचा तरी काय दोष? सात दिवस गेले. त्या सात दिवसांत कुणी एकाने जरी ते पत्र वाचलं असतं तर सगळं उतरवून ठेवता आलं असतं. रावजी त्या सात दिवसांत लीगच्या बातम्या लिहीत होते. सगळ्या गड्यांच्या नावांसकट.

आठव्या दिवशी सकाळी ते चॅनल उघडायला गेले तर उघडेना. करडा चौकोन आणि इंग्रजी ओळ. त्यांना वाटलं रेंज नाही. ते गच्चीवर गेले. मग समुद्राच्या बाजूला मोकळ्यावर गेले. मग ऋतिकाला फोन लावला. तिने तिकडून बघितलं. "बाबा," ती म्हणाली, "तुमच्याकडे मूळ व्हिडिओ आहेत ना? फोनमध्ये, कार्डात, कुठेतरी?"

"तूच शिकवलंस ना," रावजी म्हणाले, "वर चढला की पुसायचा."

पलीकडे ऋतिका रडायला लागली. रावजी तिला समजावत राहिले की काही नाही गं, मी बोलतो त्या मुलाशी, मुलगा चांगला आहे.

मुलगा चांगलाच होता. त्याने फोन उचलला, ऐकून घेतलं, "काका, मी वर बोलतो," म्हणाला. ज्याने तक्रार केली त्याने ती मागे घेतली तर चॅनल परत मिळू शकतं, असं ऋतिकाने शोधून काढलं होतं. तिने पत्र लिहिलं. गाऱ्हाणं म्हणजे काय ते इंग्रजीत समजावून सांगितलं, दीड पान. उत्तर आलं की पत्र मिळालं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पत्र मिळालं. मार्चअखेर ऋत्विकने नोकरी सोडली. त्याने जाता जाता रावजींना फोन केला, हेही खरं. म्हणाला, "काका, लीगचा पुढचा हंगाम होत नाहीये. मालकांना परवडलं नाही. ॲपवाली कंपनीही दुसऱ्या कुणीतरी घेतलीय. आता ते हक्क नेमके कुणाकडे आहेत ते मलाही नाही माहीत. सॉरी काका."

म्हणजे लीग गेली, मॅट गुंडाळलं, दिवे उतरवले. ज्या सामन्यांचं रक्षण करायचं म्हणून एवढा खटाटोप केला ते सामनेही त्या ॲपवर आता दिसत नव्हते. आणि तक्रार मात्र जागच्या जागी होती, कारण ती मागे घ्यायला कुणी माणूसच उरला नव्हता. रावजींना राग आला असता तर बरं झालं असतं. पण रागवायचं कुणावर? त्या मुलावर? देवावर? ते आठ दिवस नुसते झोपाळ्यावर बसून राहिले. पाणी सोडायला जायचे तेवढेच. त्यांची बायको नम्रता जेवायला हाक मारायची आणि ते "आलो" म्हणून तिथेच बसायचे.

मग एका सकाळी ते उठले आणि मितेशचा तो व्हिडिओ शोधायला निघाले. साडेचौदाशे गेले तर गेले, तेवढा एक मिळायला हवा. संघाच्या कप्तानाकडे गेले. तो म्हणाला, हाय की, आणि फोन काढून दाखवायला लागला. करडा चौकोन. त्याच्याकडे लिंक होती. राखीव गड्यांकडे गेले. लिंक. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांकडे गेले. त्यांनी अभिमानाने सांगितलं की तो व्हिडिओ आम्ही मंडळाच्या गटावर जपून ठेवलाय, आणि वर सरकवत सरकवत दोन वर्षं मागे गेले, आणि तिथेही लिंकच होती. मितेशच्या होडीवरून पोहून निघालेला सर्वेश आता खेडला एका गॅरेजात लागला होता. समुद्रावर जाणं त्याने सोडलं होतं. रावजी एसटी धरून खेडला गेले. सर्वेशकडे एक फोटो निघाला, विजयाच्या मिरवणुकीतला. त्यात मितेशची पाठ दिसत होती. रावजींनी तो फोटो घेतला नाही. कुणी तरी, कुठे तरी, तो व्हिडिओ उतरवून ठेवला असेल असं त्यांना वाटत होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की रावजींकडे आहेच, मग आपण कशाला ठेवायचं? शोध संपला तेव्हा एप्रिल संपत आला होता.

या सगळ्या दिवसांत त्यांनी बकुळाचं तोंड चुकवलं. खालच्या वाडीचा व्हॉल्व्ह ते अंधारातच फिरवून निघून जायचे. पण नम्रताच एक दिवस बाजारातून आली ती पिशवीही खाली न ठेवता म्हणाली, "बकुळाने फोन दोनदा दुरुस्तीला टाकलाय. दुकानदार म्हणतो फोन चांगला हाय. आता ती नवीन घेणार हाय म्हणे. जाऊन सांगा तिला. नायतर मी सांगते."

रावजी दुपारी गेले. बाजार उठला होता. बकुळा पायरीवर बसून रिकामी टोपली पालथी घालत होती. त्यांना बघून ती हसली आणि पदराला हात पुसून फोन पुढे केला. "बरा झाला आलात, दादा. ह्यात काय बिघाड हाय बघा. बाकी सगला दिसता, मितेशच तेवढा येत नाय."

रावजींनी सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, बसायची हिंमत झाली नाही. गाऱ्हाणं सांगितलं, बायकांचा व्हिडिओ सांगितला, माफी सांगितली. तिला त्यातलं किती कळलं ते त्यांना कळेना. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी तिने एवढंच विचारलं, "म्हंजे आता येनारच नाय?"

"नाही."

"कदीच?"

"मी सगळीकडे शोधला गं, बकुळा. खेडपर्यंत जाऊन आलो. माझंच चुकलं. मी एक तरी ठेवायला हवा होता. तुझा तरी ठेवायला हवा होता."

ती ओरडली असती, तिने टोपली फेकून मारली असती तर रावजींना ते हवंच होतं. पण ती बाजूला सरकली आणि पायरीवर हाताने जागा पुसली. रावजी बसले. कुणाच्या तरी घरात कुकरची शिटी झाली.

"तुमी तितंच होतात ना," बकुळा म्हणाली. "तुमच्याच समोर येऊन बोल्ला ना तो?"

"हो."

"मग बोला ना तसा. माला आयकवा."

रावजींना आधी समजलं नाही. समजलं तेव्हा उठून जावंसं वाटलं. पण नाही कसं म्हणणार? ते शब्द त्यांना पाठ होते. मितेशने काही मोठं भाषण केलं नव्हतं. सामना जिंकला होता, पोरं त्याला खांद्यावर घ्यायला धावत होती आणि तो फोनसमोर वाकून घाईघाईने बोलला होता. रावजींनी घसा साफ केला.

"आये, जेवून घे. माला येल व्हईल."

बकुळाने डोळे मिटले होते. ते तिने उघडले. "नाय. तसा नाय. 'आये' जरा लांबवलान होतान. आनि हसत होता."

रावजी पुन्हा बोलले. 'आये' लांबवलं. हसायचा प्रयत्न केला. सत्तावन्न वर्षांच्या माणसाचा तंबाखूने बसलेला आवाज तो, त्यात बावीस वर्षांचं हसू कुठून यायला? त्यांना स्वतःचीच लाज वाटली. तरी बकुळा म्हणाली, "परत एकदा. धापा टाकत होता ना, दम लागलेला." म्हणून ते धापा टाकत तिसऱ्यांदा बोलले. मग चौथ्यांदा. ती मान हलवायची, एखादा शब्द सुधारून द्यायची आणि ते पुन्हा बोलायचे. पाचव्या वेळेला ते मध्येच थांबले, कारण बकुळाने त्यांचा दंड घट्ट धरला होता.

"बस," ती म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बस करा, दादा. बोलू नुका आता."

"काय झालं?"

तिने दोन्ही तळवे कानांवर दाबून धरले होते.

"तो गेला," ती म्हणाली. "आता माज्या कानात तुमीच बोलताव."